मासळीच्या तेलाची कॅप्सूल, यकृतातील चरबी आणि सोरायसिस: निफाड तालुक्यातील एका रुग्णाचे प्रकरण

सोरायसिस त्वचेवर दिसतो. पण मध्यम ते तीव्र सोरायसिसचे औषध निवडताना डॉक्टरला त्वचेइतकेच, काही वेळा त्वचेहून अधिक, यकृताकडे आणि रक्तातील चरबीकडे पाहावे लागते. निफाड तालुक्यातील 46 वर्षांच्या एका द्राक्षबागायतदाराच्या बाबतीत हे फार ठळकपणे जाणवले, म्हणून त्यांचे प्रकरण येथे सविस्तर मांडत आहे. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. मेदाम्लांच्या, म्हणजे फॅटी ॲसिडच्या, चयापचयाचा सोरायसिसशी संबंध आहे, हे या रुग्णाने आणि त्याच्या मुलाने वाचून काढले होते आणि त्यांचे वाचन चुकीचे नव्हते. मात्र त्यावरून त्यांनी जो उपचार ठरवला तो या संबंधाच्या सर्वात कमकुवत धाग्यावर उभा होता, आणि जो धागा मजबूत होता त्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

रुग्ण आणि पूर्वेतिहास

आजार साधारण अकरा वर्षांपूर्वी डोक्यातील जाड कोंड्याने सुरू झाला. पुढे कोपरे, नडग्या आणि कमरेचा खालचा भाग येथे लाल, जाड, चंदेरी खवल्यांचे चट्टे आले. सुरुवातीला नायटा समजून औषधाच्या दुकानातून घेतलेले, स्टिरॉइड आणि बुरशीनाशक एकत्र असलेले मलम त्यांनी बरेच महिने लावले. त्यानंतर एका ठिकाणी दीर्घकाळ परिणाम टिकणारी स्टिरॉइडची इंजेक्शने मिळाली. प्रत्येक इंजेक्शनने अंग स्वच्छ होई आणि परिणाम ओसरला की आजार आधीपेक्षा अधिक जागा व्यापून परत येई. सोरायसिसमध्ये पोटातून किंवा इंजेक्शनने दिलेले स्टिरॉइड अचानक थांबले तर पू भरलेल्या पुटकुळ्यांचा किंवा सर्वांग लाल होण्याचा गंभीर प्रकार उद्भवू शकतो. या रुग्णाच्या बाबतीत तसे झाले नाही, हे त्यांचे नशीब.

दोन वर्षांपूर्वी एका त्वचारोगतज्ज्ञाने त्यांना आठवड्यातून एकदा 15 मि.ग्रॅ. मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्तीचा अतिरेक दाबणारी गोळी) आणि जोडीला फॉलिक ॲसिड सुरू केले. तीन महिन्यांत त्वचा जवळजवळ साफ झाली. पुढच्या तपासणीत यकृताची इजा दाखवणारे एसजीपीटी 96 आले, तेव्हा मात्रा कमी करण्याचा, दारू पूर्ण बंद करण्याचा आणि पुन्हा रक्त तपासण्याचा सल्ला मिळाला. घरी मात्र वेगळाच निर्णय झाला. मुलगा औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी. सोरायसिसमध्ये ओमेगा-6 मेदाम्लांपासून दाह वाढवणारी द्रव्ये तयार होतात आणि ओमेगा-3 मेदाम्ले त्यांना आळा घालतात, हे त्याच्या वाचनात आले. ‘गोळी लिव्हरला मारते, तेल तरी मारणार नाही,’ असे म्हणून वडिलांनी मेथोट्रेक्सेट सोडले आणि रोज मासळीच्या तेलाची एक कॅप्सूल व सकाळी अनशापोटी दोन मोठे चमचे जवसाचे तेल असा क्रम धरला. दहा महिन्यांनी, जूनच्या सुरुवातीला, ते नाशिकला माझ्याकडे आले तेव्हा चट्टे मूळ जागी परतले होते आणि वजन चार किलोंनी वाढले होते.

तपासणीत शरीराच्या सुमारे 16 टक्के भागावर चट्टे होते. लाली, जाडी, खवले आणि व्याप्ती यांवरून काढला जाणारा ‘पासी’ गुणांक, जो 0 पासून 72 पर्यंत असतो, 14.6 आला. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे होते. सांध्यांची, टाचांची किंवा सकाळच्या ताठरपणाची तक्रार नव्हती. दोन्ही हातांच्या पुढील भागावर मात्र लांब, सरळ रेषेतले चट्टे दिसले. द्राक्षाच्या मांडवाच्या तारांनी ओरखडे उठले की काही दिवसांनी त्याच रेषेवर सोरायसिस उगवतो. कोबनर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार बागेत काम करणाऱ्यांमध्ये इतका बोलका असतो की विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगले उदाहरण मिळत नाही. पूर्ण बाहीचा जाड सदरा घालूनच मांडवाखाली जायचे, ही पहिल्या दिवसाची पहिली सूचना होती.

वजन 92 किलो, उंची 168 सेंटिमीटर, म्हणजे बॉडी मास इंडेक्स 32.6. कमरेचा घेर 108 सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेषा 90 मानली जाते. रक्तदाबासाठी गोळी सुरू होती. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबी, 386, एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, 34, साखर 112, तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1 टक्के, एसजीपीटी 78 आणि यकृताच्याच तपासणीतले एसजीओटी 52. सोनोग्राफीत दुसऱ्या श्रेणीचे फॅटी लिव्हर, फायब्रोस्कॅनवर यकृताचा ताठरपणा 7.4 किलोपास्कल आणि चरबीचा निर्देशांक 318. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून निघणारा फिब-4 गुणांक 1.13, म्हणजे यकृतात मोठे व्रण तयार झाल्याची शक्यता कमी, पण चरबी भरपूर. दारू ‘आठवड्यातून एखाद-दुसऱ्यांदा’ असे उत्तर मिळाले. पत्नी शेजारीच बसल्या होत्या आणि त्यांनी ते खोडले नाही, म्हणून ते खरे धरले.

मेदाम्ले नेमकी कुठे काम करतात

मुलाने वाचलेली गोष्ट जुनी आणि प्रतिष्ठित आहे. सोरायसिसच्या चट्ट्यांमध्ये मोकळे ॲराकिडॉनिक ॲसिड आणि त्यापासून बनणारे एक द्रव्य निरोगी त्वचेपेक्षा पुष्कळ जास्त असते, हे 1975 साली दाखवले गेले. हे मेदाम्ल पेशींच्या आवरणात बांधलेले असते. फॉस्फोलिपेज नावाचे विकर (एन्झाइम) ते सोडवते आणि पुढे लायपॉक्सिजनेजच्या मार्गाने त्यापासून ल्यूकोट्रायीन बी-4 तयार होते, जे न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना त्वचेकडे खेचते. मासळीच्या तेलातील इकोसापेंटानोइक ॲसिड, म्हणजे ईपीए, त्याच विकरांसाठी ॲराकिडॉनिक ॲसिडशी स्पर्धा करते आणि त्यातून निघणारे ल्यूकोट्रायीन बरेच दुबळे असते. सील आणि मासे खाणाऱ्या ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांमध्ये सोरायसिस फारच कमी आढळतो, अशी नोंद 1980 च्या सुमारास प्रसिद्ध झाली, तेव्हा हा तर्क अधिकच आकर्षक वाटू लागला.

चाचण्यांनी मात्र त्याला एकसारखी साथ दिली नाही. इंग्लंडमध्ये 28 रुग्णांवर झालेल्या आणि 1988 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत रोज दहा कॅप्सूल, म्हणजे 1.8 ग्रॅम ईपीए, आठ आठवडे दिल्यावर खाज, लाली आणि खवले कमी झाले. पाच वर्षांनी, 1993 मध्ये, 145 रुग्णांच्या चाचणीत रोज 6 ग्रॅम शुद्ध केलेले मासळीचे तेल चार महिने दिले, तेव्हा मक्याच्या तेलापेक्षा त्याचा काहीही अधिक गुण दिसला नाही. ओमेगा-3 शिरेतून दिल्यावर रुग्णालयातील रुग्णांना फायदा झाल्याचे 1998 च्या एका चाचणीत आढळले, परंतु तो मार्ग निफाडहून येणाऱ्या शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही. त्यांच्या बाटलीवरचे लेबल वाचले तर एका कॅप्सूलमध्ये 180 मि.ग्रॅ. ईपीए होते. ज्या चाचणीत गुण आला तिच्या एक दशांश मात्रा ते घेत होते आणि एवढ्याशा मात्रेपायी सिद्ध झालेले औषध त्यांनी सोडले होते.

जवसाच्या तेलाची कथा याहून सरळ आहे. त्यात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक ॲसिड असते आणि ते ओमेगा-3 कुळातलेच आहे. पण माणसाच्या शरीरात त्याचे ईपीएमध्ये रूपांतर फार थोडे होते, आणि पुढच्या डीएचए या ओमेगा-3 मेदाम्लामध्ये त्याहूनही कमी. दोन मोठे चमचे तेल म्हणजे सुमारे 27 ग्रॅम, म्हणजेच रोज जवळपास 240 कॅलरी आहारात वरून पडत होत्या. जवसाच्या चटणीला माझा कधीच विरोध नसतो, ती भाकरीबरोबर खावी. पण तेल औषध म्हणून पिण्याने या रुग्णाच्या वजनात भर पडली, त्वचेत काही फरक पडला नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांतील संशोधनाने मेदाम्लांचा प्रश्न आहारातल्या तेलांवरून उचलून प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या आत नेला आहे, आणि माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. सोरायसिसचा दाह मुख्यत्वे इंटरल्यूकिन-23 आणि इंटरल्यूकिन-17 या पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या प्रथिनांच्या साखळीवर चालतो आणि इंटरल्यूकिन-17 सोडणाऱ्या टी-पेशींना ‘टीएच-17’ म्हणतात. या पेशी वाढताना स्वतःची मेदाम्ले स्वतः तयार करतात आणि त्यासाठी ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज-1 या विकरावर अवलंबून असतात. ते विकर रोखले तर टीएच-17 पेशी कमी होतात आणि दाह शमवणाऱ्या नियामक टी-पेशींचे प्रमाण वाढते, असे 2014 साली प्रयोगांतून दिसले. दुसऱ्या टोकाला, बऱ्या झालेल्या त्वचेत मागे राहणाऱ्या स्मृती टी-पेशी बाहेरून मिळणाऱ्या मेदाम्लांवर जगतात. ती आत ओढण्यासाठी त्यांना मेदाम्ले वाहणारी एफएबीपी-4 आणि एफएबीपी-5 ही प्रथिने लागतात, हे 2017 मध्ये समोर आले. यातले एफएबीपी-5 शास्त्रज्ञांना सर्वप्रथम सोरायसिसच्या त्वचेतच मुबलक सापडले होते आणि सुरुवातीला त्याचे नावही ‘सोरायसिसशी निगडित मेदाम्लवाहक प्रथिन’ असेच ठेवले गेले होते. चट्टा जातो आणि वर्षानंतर नेमक्या त्याच कोपरावर, त्याच आकारात परत येतो, याचे एक कारण या मागे राहिलेल्या पेशींमध्ये आहे. मात्र या ज्ञानातून अजून सोरायसिसचे प्रचलित औषध निघालेले नाही, त्यामुळे रुग्णासमोर ते आशा म्हणून मांडणे मला योग्य वाटत नाही.

त्वचेच्या संरक्षक अडथळ्यातही मेदाम्ले आहेतच. बाह्यत्वचेच्या पेशींमधील जागा सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मोकळी मेदाम्ले यांनी भरलेली असते आणि लिनोलिक ॲसिड हे काही महत्त्वाच्या सिरॅमाइडचा घटक असते. निरोगी बाह्यत्वचेत पेशीला खालून वर यायला साधारण चार आठवडे लागतात, तर सोरायसिसमध्ये हा प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो, आणि एवढ्या घाईत हे अस्तर नीट तयार होत नाही. म्हणून आंघोळीनंतर लगेच साधे मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावणे फायद्याचे असते. पण तो चट्ट्यावरचा आधार झाला.

उरला तो धागा ज्याकडे कोणी पाहिले नव्हते: रुग्णाच्या पोटावरची आणि यकृतातली चरबी. वाढलेली चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यातून मोकळी मेदाम्ले सतत रक्तात उतरतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-6 यांसारखी दाहजनक द्रव्येही सुटतात. सोरायसिसच्या रुग्णांमध्ये फॅटी लिव्हर सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक आढळते. ते कोणत्या चरबीने भरते, याचा एक मोजका आणि फार उपयुक्त अभ्यास 2005 मध्ये अमेरिकेत झाला. फॅटी लिव्हर असलेल्यांच्या यकृतातील ट्रायग्लिसराइडपैकी सुमारे 59 टक्के भाग रक्तात फिरणाऱ्या मोकळ्या मेदाम्लांतून, 26 टक्के यकृताने पिष्ट आणि साखरेपासून स्वतः बनवलेल्या मेदाम्लांतून आणि फक्त 15 टक्के खाल्लेल्या तेल-तुपातून आलेला होता. या घरातली चर्चा वर्षभर शेंगदाण्याचे तेल की करडईचे, यावर चालली होती. प्रश्न त्या 15 टक्क्यांच्याही एका उपप्रश्नाचा होता.

औषधांची निवड कशी अरुंद झाली

पासी दहाच्या वर, शरीराचा दहा टक्क्यांहून अधिक भाग व्यापलेला आणि दैनंदिन जीवनावर मोठा परिणाम. त्यामुळे केवळ मलमांवर भागणार नव्हते. मेथोट्रेक्सेटने पूर्वी उत्तम गुण दिला होता, परंतु लठ्ठपणा, वाढलेली साखर, दारू आणि चरबीने भरलेले यकृत ही मेथोट्रेक्सेटपासून यकृताला इजा होण्याची शक्यता वाढवणारी चारही कारणे एकाच माणसात होती. ॲसिट्रेटिन ट्रायग्लिसराइड वाढवते. आधीच 386 असलेले ट्रायग्लिसराइड 500 च्या वर नेऊन स्वादुपिंडाचा धोका ओढवून घेण्यात अर्थ नव्हता. सायक्लोस्पोरिन रक्तदाब आणि चरबी दोन्ही चढवते. नॅरोबँड यूव्हीबी प्रकाशोपचार यकृताला पूर्ण सुरक्षित असतो, पण आठवड्यातून तीनदा निफाडहून नाशिकला येणे त्यांना पहिल्या पंधरवड्यानंतर जमले नसते, हे त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितले. इंटरल्यूकिन-17 रोखणारे जैविक इंजेक्शन या सर्वांहून प्रभावी ठरले असते. खर्चामुळे कुटुंबाने ते तूर्त नको म्हटले.

मेदाम्लांचे चयापचय या प्रकरणात प्रथम शिरले ते अशा रीतीने. ते औषध म्हणून आले नाही, तर एकामागून एक औषधांची दारे बंद करत आले.

मुलाने याच भेटीत डायमिथिल फ्युमरेट या औषधाचे नाव काढले आणि त्याचा प्रश्न ऐकून बरे वाटले. सोरायसिस असलेल्या वॉल्टर श्वेकेनडीक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1959 मध्ये फ्युमरिक ॲसिडचा प्रयोग स्वतःवर केला. पेशींच्या ऊर्जाचक्रात, म्हणजे सायट्रिक ॲसिड चक्रात, फ्युमरिक ॲसिड कमी पडते म्हणून सोरायसिस होतो, असा त्यांचा तर्क होता. तो तर्क टिकला नाही, पण औषध टिकले. फ्युमरिक ॲसिडच्या एस्टरांच्या मिश्रणाला 1994 मध्ये जर्मनीत आणि केवळ डायमिथिल फ्युमरेट असलेल्या गोळीला 2017 मध्ये युरोपात सोरायसिससाठी मान्यता मिळाली. ते शरीरात मोनोमिथिल फ्युमरेट होऊन काम करते आणि एचसीएआर-2 या पेशीवरील ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटते. चरबी जळताना तयार होणारा बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा कीटोन आणि नायसिन हे जीवनसत्त्वही याच ग्राहकावर काम करतात, म्हणूनच नायसिनप्रमाणे या गोळीनेही चेहरा तापून लाल होतो. चयापचयाच्या आणि दाहाच्या वाटा एकाच ग्राहकावर भेटतात याचे हे सुंदर उदाहरण आहे. मात्र पोटदुखी, जुलाब आणि लिम्फोसाइट पेशी घटणे हे तिचे नेहमीचे त्रास असून नियमित रक्ततपासणीशिवाय ती देता येत नाही. आपल्याकडे ती प्रामुख्याने मल्टिपल स्क्लेरोसिससाठी दिली जाते, आणि या रुग्णासाठी ती पहिली निवड होऊ शकत नव्हती.

मी ॲप्रेमिलास्ट हे सोरायसिसवरचे गोळीचे औषध सुचवले. त्याचा यकृतावर भार नाही, चरबी वाढत नाही, काहींचे वजन थोडे उतरते आणि आता देशी कंपन्यांच्या गोळ्या परवडण्याजोग्या दरात मिळतात. त्याची मर्यादाही सांगितली: त्याच्या प्रमुख चाचणीत 16 आठवड्यांनंतर तिघांपैकी साधारण एकाचाच पासी 75 टक्क्यांनी उतरला होता. रुग्णाने मान हलवली आणि म्हणाले, ‘डॉक्टर, आधी खाण्याने काय होतं ते बघू द्या. गोळ्या मग घेतो.’ यकृताच्या दृष्टीने हा हट्ट घातक नव्हता, म्हणून आठ आठवडे आहार आणि फक्त कॅल्सिपोट्रायॉल-बीटामेथासोनचे मलम, असे ठरले. फिजिशियन सहकाऱ्यानेही ट्रायग्लिसराइडसाठी वेगळे औषध तोवर थांबवले. आहाराचा परिणाम गोळ्यांपासून वेगळा दिसण्याची संधी त्यामुळे अनायासे मिळाली.

आठ आठवडे आहाराचे

आहाराची चौकशी त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नीकडे करणे फलदायी ठरले. पाच माणसांच्या घरात सोयाबीन तेलाचा 15 किलोचा डबा दोन महिन्यांत संपत असे, म्हणजे माणशी रोज 50 ग्रॅम तेल; आपल्याकडे वरून वापरायच्या तेल-तुपाचे योग्य प्रमाण साधारण 25 ते 30 ग्रॅम धरले जाते. चहा दिवसातून सहा वेळा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात गेले की तर्रीची मिसळ आणि जादा पाव. खिशात कायम घरचे बेदाणे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरताना दिवसभर तोंडात द्राक्षे. या शेवटच्या सवयीकडे मी विशेष लक्ष दिले. फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृतातच उरकला जातो आणि तो नवी मेदाम्ले घडवण्याच्या कामी सहज लागतो. स्वतःच्या बागेतले फळ निरुपद्रवीच असणार, असे मानणाऱ्या माणसाला हे पटवायला वेळ लागला.

तेलाचा ब्रँड बदलायचा नाही, डबा तीन ते साडेतीन महिने पुरवायचा, एवढीच तेलाबाबतची सूचना दिली. जवसाचे तेल बंद. जवसाची कोरडी चटणी चालू. चहा तीन कप, बिनसाखरेचा. रात्री भात नाही, बाजरीची किंवा ज्वारीची एक भाकरी, उसळ आणि कोशिंबीर. मासे खाणारे घर असल्याने मुंबईहून येणारा बांगडा आठवड्यातून दोनदा, तळून नव्हे तर कालवणात. दारू पूर्ण बंद. बागेतले काम हा व्यायाम आहेच असे ते म्हणाले. ते काम उभे राहून देखरेख करण्याचे होते, म्हणून संध्याकाळी पाऊण तास भरभर चालणे जोडले.

जुलैच्या अखेरीस वजन 92 वरून 88 वर, ट्रायग्लिसराइड 386 वरून 241 वर आणि एसजीपीटी 78 वरून 55 वर आले. कुटुंबाला अपेक्षा होती की त्वचाही तेवढ्याच वेगाने निवळेल. पासी 14.6 वरून 12.4 झाला, आणि त्या दोन अंकांतही मलमाचा वाटा होताच. रुग्ण खट्टू झाले. मला हा निकाल अपेक्षेप्रमाणे वाटला. डेन्मार्कमध्ये लठ्ठ रुग्णांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी कॅलरींच्या आहाराने वजन चांगले घटले, जीवनमान सुधारले, पण 16 आठवड्यांत पासीमध्ये नियंत्रण गटापेक्षा पडलेला फरक सुमारे दोन अंकांचाच होता. अमेरिकेतील नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी 2018 मध्ये आहाराविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत जादा वजन असलेल्यांनी कमी कॅलरींचा आहार घेऊन वजन उतरवावे, ही ठामपणे केलेली शिफारस होती. मात्र तो औषधाच्या जोडीने करायचा उपाय आहे. यकृताने आठ आठवड्यांत प्रतिसाद दिला. त्वचेत रुजलेल्या टी-पेशी इतक्या लवकर हटत नाहीत.

पुढचा प्रवास

ऑगस्टच्या सुरुवातीला ॲप्रेमिलास्ट 10 मि.ग्रॅ.पासून चढवत नेऊन दिवसातून दोनदा 30 मि.ग्रॅ.वर स्थिर केले. पहिले दोन आठवडे जुलाब आणि मळमळ झाली. ती बागेत असताना फार गैरसोयीची ठरली, पण ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या गर्दीपूर्वी हा काळ उलटून गेला. नोव्हेंबरच्या शेवटी, गोळी सुरू होऊन 16 आठवडे झाले तेव्हा, पासी 4.9, वजन 84.5 किलो, ट्रायग्लिसराइड 178 आणि एसजीपीटी 38 होते. हातांवरचे रेषेतले चट्टे पूर्ण गेले. कोपरे, नडग्या आणि कमरेचा खालचा भाग येथे पातळ, फिकट डाग उरले.

या सुधारणेचे श्रेय कशाला किती द्यायचे, हे एका रुग्णावरून वेगळे काढता येत नाही. गोळीने स्वतः थोडे वजन उतरवले असेल, उतरलेल्या वजनामुळे गोळीला अधिक गुण आला असेल. क्रम मात्र लक्षात घेण्याजोगा आहे: आहाराने चरबी आधी हलवली, औषधाने त्वचा नंतर हलवली, आणि मासळीच्या तेलाच्या कॅप्सूलच्या दहा महिन्यांत दोन्हींपैकी काहीच हलले नव्हते. ओमेगा-3 मोठ्या मात्रेत, रोज 4 ग्रॅमच्या आसपास, ट्रायग्लिसराइड 20 ते 30 टक्क्यांनी उतरवते, त्यामुळे ते सर्वस्वी निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. ते चरबीचे औषध आहे, सोरायसिसचे नाही, आणि बाजारातली रोजची एक कॅप्सूल दोन्हींपैकी कशाचेच नाही.

जानेवारीत निफाडचा पारा नेहमीप्रमाणे एक अंकी झाला आणि आजाराने पुन्हा डोके वर काढले. लग्नसराई आणि थंडीतले खाणे यांमुळे वजन 86 वर गेले होते, पासी 7.8 होता. नवे चट्टे एकाही नव्या जागी नव्हते. कोपरे, नडग्या, कंबर, सगळे जुने पत्ते. ॲप्रेमिलास्ट एकटे पुरे पडत नाही, हे आता स्पष्ट होते आणि पुढचे पाऊल ठरवण्यासाठी फायब्रोस्कॅन पुन्हा केला. ताठरपणा 7.4 वरून 5.8 किलोपास्कलवर आणि चरबीचा निर्देशांक 318 वरून 268 वर आला होता. साखरेची सरासरी 5.7 टक्के होती. जूनमध्ये जे मेथोट्रेक्सेट मी नाकारले होते ते या आकड्यांमुळे जानेवारीत पुन्हा विचारात घेता आले.

फिजिशियनशी बोलून आठवड्यातून एकदा 10 मि.ग्रॅ. मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी 5 मि.ग्रॅ. फॉलिक ॲसिड आणि तूर्त ॲप्रेमिलास्ट सुरूच, असे ठरवले. सोमवार हा वार नक्की केला आणि तो भिंतीवरच्या कालनिर्णयवर वर्षभरासाठी लाल पेनने खुणावण्याचे काम पत्नीने घेतले, कारण ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर ती जीवघेणी ठरू शकते. रक्ताच्या पेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी सुरुवातीला दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, नंतर तीन महिन्यांनी. दारू सुरू झाली किंवा वजन 90 च्या वर गेले तर मेथोट्रेक्सेट थांबवून पुन्हा विचार करायचा, ही अट रुग्णाने स्वतःच्या हाताने केसपेपरवर लिहून घेतली. मुलाने कॅप्सूलची उरलेली बाटली चालू ठेवायची का, असे विचारले. ट्रायग्लिसराइड आता 200 च्या आत असल्याने तिचे काही कारण उरले नाही, असे सांगितले. एप्रिलच्या खरड छाटणीआधी पुढची भेट आहे. तेव्हा कोपरे आणि नडग्या साफ असतील तर ॲप्रेमिलास्ट बंद करून पाहायचे, नसतील तर जैविक इंजेक्शनसाठी क्षयाची तपासणी आणि खर्चाचा हिशेब नव्याने मांडायचा.